पै-पैचा हिशेब देणारे अण्णासाहेब

गावात पावतीपुस्तक फिरायला लागलं, की माणसं दोन प्रकारची होतात. काही जण खिशात हात घालतात आणि काही जण मागच्या दाराने शेताकडे निघून जातात. दुसऱ्यांना आपण कंजूष म्हणून मोकळे होतो. पण त्यांच्याजवळ जरा बसून बोललं तर निराळंच कळतं. द्यायला त्यांची ना नसते. मागच्या खेपेला सभामंडपासाठी दिलेल्या पैशाचं पुढे काय झालं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. शाळेची खोली, वाचनालय, तालमीची दुरुस्ती, पाणलोटाच्या कामाची लोकवर्गणी, सगळीकडे घोडं इथंच अडतं.

म्हणून आज खत-बियाण्यांचा विषय बाजूला ठेवून एका माणसाची हकिगत सांगतो. महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजे लोकांचे अण्णासाहेब. कर्वे म्हटलं की आपल्याला विधवांचं शिक्षण आठवतं, महिला विद्यापीठ आठवतं. शाळेच्या पुस्तकात तेवढंच असतं. पण या माणसाने पन्नासहून जास्त वर्षं लोकांपुढे हात पसरला आणि त्या हाताला कधी डाग लागू दिला नाही. ही बाजू सरपंच, ग्रामसेवक आणि गावच्या मंडळांचे कारभारी यांच्या जास्त उपयोगाची आहे, असं मला वाटतं.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या शेरवली या आजोळच्या गावी ते जन्मले. त्यांचं मूळ गाव दापोली तालुक्यातलं समुद्रकाठचं मुरूड. घरची परिस्थिती बेताची. सतराव्या वर्षी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी ते मुरुडाहून साताऱ्याला पायी गेले. भर पावसाळी हवेत, घाट चढून, शंभरावर मैल. तिथे साहेबांनी पाहिलं आणि पोरगा वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. आल्या वाटेने परत! पुढच्या वर्षी कोल्हापूरला बसून ते ती परीक्षा पास झाले. पुढे मुंबईला शिकवण्या करत करत १८८४ साली गणित घेऊन बी. ए. झाले.

मुरूड फंड

मुंबईत चार पैसे मिळू लागल्यावर अण्णासाहेबांना पहिली आठवण झाली ती गावाची. १८८६ साली त्यांनी मुरूड फंड काढला. कल्पना साधी होती. मुरूडची जी माणसं बाहेरगावी नोकरी-धंद्याला आहेत, त्यांनी आपल्या कमाईतला एक लहानसा ठरावीक हिस्सा नेमाने गावासाठी बाजूला काढायचा आणि त्यातून गावाच्या उपयोगाची कामं करायची.

यातला ‘ठरावीक’ आणि ‘नेमाने’ हा भाग लक्षात घ्या. आपल्याकडे वर्गणीचं काम पावसासारखं असतं. उत्सव आला की धो धो, नाही तर वर्षभर कोरडं. शिवाय आकडा माणसाची ऐपत पाहून नाही, तर शेजाऱ्याने किती दिले ते पाहून ठरतो. मग गरीब माणूस चारचौघांत लाजून जास्त देतो आणि पुढच्या वर्षी तोंड चुकवतो. कमाईच्या प्रमाणात हिस्सा ठरवला, की कारकुनाचा आणा आणि वकिलाचा रुपया एकाच मोलाचे होतात. आज पुणे-मुंबईला गेलेली आपल्या गावची पोरं हिशेबात धरली, तर ही योजना कुठल्याही गावाला लागू पडेल.

१८९१ साली अण्णासाहेबांच्या पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या सांगण्यावरून ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या या बाई म्हणजेच पुढच्या आनंदीबाई, ज्यांना सगळे बाया म्हणत.

मुरूडला ही बातमी पोचली आणि गाव पेटलं. गावकऱ्यांनी सभा भरवली आणि अण्णासाहेबांवर बहिष्कार टाकला. ज्याने गावासाठी फंड काढला, त्याच्याच शेजारी गावच्या सभेत बसायचं नाही असं ठरलं. घरच्यांनाही त्यांना आपल्यात घेणं अवघड झालं आणि म्हाताऱ्या आईला त्याचा फार ताप झाला. दुसरा कुणी असता तर गावाच्या नावाने बोटं मोडत बसला असता. अण्णासाहेबांनी गावाशी वैर धरलं नाही. त्यांनी कामाचं क्षेत्र बदललं, इतकंच.

आधी आपलं, मग लोकांचं

१८९३ च्या अखेरीस त्यांनी विधवाविवाहाला मदत करणारी मंडळी स्थापन केली. पण थोड्याच दिवसांत त्यांच्या ध्यानात आलं, की पुनर्विवाहाला तयार होणाऱ्या बाया थोड्या, आणि त्या कामाला पैसा देणारे त्याहून थोडे. विधवांना शिकवून स्वतःच्या पायावर उभं करायचं काम मात्र जुन्या वळणाच्या माणसालाही पटण्यासारखं होतं. म्हणून १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला. पुढे अण्णासाहेबांनी दोन्ही कामांची सरळ फारकत केली. आश्रमाच्या नावावर पुनर्विवाहाचा प्रचार होऊ दिला नाही आणि स्वतः पुनर्विवाहाच्या मंडळीच्या कारभारातून बाजूला झाले.

याबद्दल त्यांना बोल लावणारे त्या वेळीही होते. सुधारक घाबरला, असं ते म्हणत. मला तसं वाटत नाही. ज्याने शिक्षणासाठी म्हणून पैसा दिला, त्याचा पैसा शिक्षणालाच लागला पाहिजे. देणाऱ्याच्या मनात एक आणि घेणाऱ्याच्या मनात दुसरं, असा व्यवहार त्यांना करायचा नव्हता. आपल्याकडे शाळेच्या नावाने जमवलेली वर्गणी कमानीला लागते आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. म्हणून ही गोष्ट जरा थांबून सांगितली.

आश्रमासाठी दुसऱ्याच्या दारात जाण्याआधी अण्णासाहेबांनी स्वतःच्या बचतीतला पैसा त्यात घातला. तेव्हा ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होते. तिथल्या सभासदांनी वीस वर्षं थोड्या पगारावर शिकवायचं अशी शपथ असे, आणि सुरुवातीचा पगार महिना पंचाहत्तर रुपये. एवढ्यात घर चालवायचं, मुलं वाढवायची आणि वर आश्रम. याची झळ बायांना बसली. घरातला पैसा संस्थेकडे जातो हे त्यांना उघड दिसत होतं आणि त्यावरून त्यांनी नवऱ्याला ऐकवलंही असेल. आपल्या आठवणींच्या ‘माझे पुराण’ या पुस्तकात त्यांनी संसाराच्या ओढाताणीबद्दल आडपडदा ठेवलेला नाही. सार्वजनिक कामाचं श्रेय पुरुषाला मिळतं आणि त्याची उधारी घरची बाई फेडते, हे सगळीकडेच आहे. पण याच बाया पुढे आश्रमासाठी स्वतः फंड गोळा करत हिंडल्या, हेही विसरून चालणार नाही.

पुण्यात प्लेग आला आणि आश्रम गावाबाहेर हलवायची वेळ आली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जागा दिली, वर साडेसातशे रुपये रोख. १९०० साली तिथे सुमारे पाचशे रुपये खर्चून एक झोपडी उभी राहिली. बघा, साडेसातशे हातात असूनही माणसाने पाचशेचीच झोपडी बांधली. आधी इमारत, मग काम, असं केलं नाही. काम सुरू झालं, चार लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं, आणि मग पुढच्या खोल्यांना पैसा आला.

हिंगणं तेव्हा पुण्यापासून चार मैल. रस्ता म्हणजे चिखल आणि पायवाट. दिवसा कॉलेजात गणित शिकवायचं, संध्याकाळी आश्रमाला लागणारं सामान घेऊन पायी हिंगण्याला जायचं, तिथे मुलींना शिकवायचं, रात्र तिथेच काढायची आणि सकाळी पुन्हा चालत कॉलेजला, असा त्यांचा क्रम होता. देणगी मागायला हा माणूस ज्याच्या दारात उभा राही, त्याला हे ठाऊक असायचं. भाषणाची गरजच काय? आणि भाषण त्यांना जमतही नसे. स्वभाव भिडस्त, आवाज बेताचा. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्या लागल्या की ते जिल्ह्याजिल्ह्यांतून वर्गणीसाठी हिंडायचे. दहा घरी नकार मिळाला तर अकराव्या घरी जायचे. दरवर्षी आश्रमाचा अहवाल छापला जाई, त्यात जमाखर्च असे. वर्षापूर्वी दोन रुपये देणाऱ्याच्या हातात हा अहवाल पडला, की तो पुढच्या वर्षी तोंड लपवत नसे.

आज संस्थेची नोंदणी, धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी तपासलेले हिशेब देणं, हे सगळं कायद्याने आलं आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने ते बांधून दिलं. पण कायद्याचा हिशेब सरकारी कार्यालयात जातो. वर्गणी देणारा बसलेला असतो पारावर. त्याला ताळेबंद वाचून दाखवायला कुठल्याही कायद्याने मना केलेली नाही.

माणसं जोडली

एकटा माणूस किती हिंडणार? अण्णासाहेबांनी माणसं तयार केली. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा. फारसं शिक्षण नसलेल्या. पण आश्रमासाठी गावोगाव जाऊन बोलायच्या आणि फंड जमवायच्या. विधवेने विधवांसाठी मागितलेलं लोकांच्या काळजाला भिडायचं. १९१८ साली, पंचेचाळिशी उलटून गेल्यावर, या बाई इंग्रजी शिकायला आणि आश्रमाला मदत मिळवायला अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरची कामं करून त्यांनी दिवस काढले आणि १९२० साली परत आल्या.

दुसरं म्हणजे निष्काम कर्म मठ. १९०८ साली अण्णासाहेबांनी ही कल्पना मांडली. पोटापुरतं घेऊन सगळं आयुष्य संस्थेला द्यायचं, असं ठरवलेल्या कार्यकर्त्यांचा हा मठ. वर्गणीतला मोठा हिस्सा पगारात गेला तर लोक कुरकुरतात, हे आपणही बघतो. इथे काम करणारेच देणारे होते.

आता मोठ्या देणगीची गोष्ट. १९१५ सालच्या सुमारास जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णासाहेबांच्या वाचनात आली. १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी भारतात स्त्रियांचं वेगळं विद्यापीठ काढलं. शिक्षण मातृभाषेतून. विद्यार्थिनी मोजून पाच. सरकारची मान्यता नाही, म्हणून अनुदानही नाही. अशा वेळी त्यांनी काय केलं, तर ठरलेली वार्षिक वर्गणी भरणाऱ्यांचे मतदारसंघ केले आणि विद्यापीठाच्या कारभारात त्यांचे प्रतिनिधी घेतले. म्हणजे जो वर्गणी भरतो त्याला नुसती पावती नव्हे, कारभार विचारायचा हक्कही मिळाला. सहकारी सोसायटीच्या सभासदांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९२० साली मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. ते जपानला जाऊन तिथलं महिला विद्यापीठ पाहून आले होते. त्यांच्या आईच्या नावावरून विद्यापीठाचं नाव श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी झालं, ज्याला आपण एसएनडीटी म्हणतो. या देणगीची मांडणी समजून घेण्यासारखी आहे. पंधरा लाखांवर साडेतीन टक्क्यांनी वर्षाला साडेबावन्न हजार रुपये व्याज, आणि विद्यापीठाने चालवायचं ते या व्याजावर. शेतकऱ्याच्या भाषेत, बियाण्याच्या कणगीला हात लावायचा नाही. याला संस्थेच्या व्यवहारात कायम निधी म्हणतात. आपल्या गावांत मोठी रक्कम आली की पहिली भिंत बांधली जाते, आणि दोन वर्षांनी त्या खोलीतल्या दिव्याचं बिल भरायला पैसा नसतो.

पण एका मोठ्या झाडाच्या सावलीत बसण्याचा धोकाही असतो. विठ्ठलदास १९२२ साली वारले. पुढे त्यांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांशी देणगीच्या अटींवरून मतभेद झाले आणि काही काळ ही रक्कम येणं थांबलं. १९३६ साली विद्यापीठाचं मुख्य ठाणं मुंबईला गेलं. त्या अडचणीच्या काळात लहान देणगीदारांची जुनी नाती तुटू दिली नव्हती, हे उपयोगी पडलं.

तोवर अण्णासाहेब घरी बसून होते असं नाही. १९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते इंग्लंड, युरोप, अमेरिका आणि जपान असा प्रवास करून आले. जिथे जातील तिथे विद्यापीठाची माहिती सांगायची आणि तिथल्या भारतीयांकडे मदत मागायची. मग आफ्रिका. त्यांचा मुलगा शंकर तिकडे डॉक्टर होता. केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबारपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत ते हिंडले आणि तिथे व्यापार-नोकरीसाठी गेलेल्या आपल्या लोकांकडून फंड आणला.

खेड्यांतल्या शाळा

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे या पानावर कर्व्यांबद्दल लिहावंसं वाटलं. विद्यापीठ मार्गी लागलं, अठ्ठ्याहत्तर वर्षं वय झालं. माणसाने नातवंडं खेळवावीत. अण्णासाहेबांची नजर गेली खेड्यांकडे. तेव्हा प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डाकडे असत, आणि लहान गावांना बोर्डाची शाळा मिळतच नसे. पोरं गुरांमागे जायची. १९३६ साली अण्णासाहेबांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. जिथे बोर्डाची शाळा नाही त्या गावात शाळा काढायची, आणि शिकून मोठे झालेले लोक वाचन विसरू नयेत म्हणून काही सोय करायची, असा त्याचा हेतू.

पैसा कुठून? या वेळी कुणी ठाकरसी नव्हते. अण्णासाहेबांना तेव्हा महिना सत्तर रुपये पेन्शन मिळायची. त्यातले पंधरा रुपये त्यांनी दरमहा मंडळाला देऊन टाकले. सत्तरातले पंधरा म्हणजे पाचवा हिस्सा तर झालाच, वर थोडं जास्त. खंडाने जमीन कसणाऱ्याला हा हिशेब चटकन कळेल. उरलेल्यासाठी पुन्हा तीच पन्नास वर्षांपूर्वीची मुरूड फंडाची रीत. पुण्याच्या पेठांतून घरोघर चालत जायचं आणि ज्याला जेवढं झेपेल तेवढं थोडं थोडं घ्यायचं. पंधरा लाखांची देणगी मिळवलेल्या विद्यापीठाचा संस्थापक आण्या-दोन आण्यांसाठी जिने चढत होता. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

साताऱ्याच्या बाजूला कर्मवीर भाऊराव पाटलांनी मूठ-मूठ धान्य गोळा करून वसतिगृहातली पोरं जगवली, हे आपल्याला ठाऊक आहेच. कर्व्यांचं काम त्याच जातीचं. फरक एवढाच, की इथे शहरातला मध्यमवर्गी माणूस कधी न पाहिलेल्या खेड्यासाठी पैसा देत होता. त्याने तो दिला, कारण मागणाऱ्याने आधी आपलं पेन्शन मोडलं होतं आणि आजवर कुणाची पै बुडवली नव्हती.

या मंडळाने सुमारे चाळीस गावांत शाळा काढल्या. चाळीस हा आकडा पेन्शनराच्या पायांनी गाठलेला आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

१९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेद मोडण्यासाठी त्यांनी समता संघ काढला. १९५८ साली, वयाची शंभर वर्षं पूर्ण झाली तेव्हा, त्यांना भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशे चार वर्षांचे होऊन ते गेले. हिंगणं आता पुण्यातलं कर्वेनगर झालं आहे. मोठमोठ्या इमारती झाल्या, हजारो मुली तिथे शिकतात. त्या सगळ्यांत १९०० सालची ती पाचशे रुपयांची झोपडी अजून जपून ठेवली आहे. पुण्याला कामानिमित्त गेलात, तर बाजार समितीतून निघून ती पाहायला तासाभराची वाट वाकडी करावी लागेल.